याला म्हणतात गाव?

शुक्रवारी दुपारी ग्रुपवर एक फोटो आला. उतारावरून खाली जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली पांढरीशुभ्र घरं, सगळी एकसारखी, प्रत्येकापुढे हिरवळ, मागे गर्द झाडी. खाली लिहिलेलं: "याला म्हणतात गाव! नाहीतर आपली..." आणि पुढे नाक मुरडलेला चेहरा. पंधरा मिनिटांत बावीस अंगठे पडले. मग नेहमीची चर्चा. इंग्रजांची शिस्त, इंग्रजांचं प्लॅनिंग, त्यांना आपल्या खेड्यांचं केवढं प्रेम, आणि आपल्याकडे नुसते उकिरडे आणि दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स.

मी गप्प बसलो असतो. पण अडचण अशी आहे की तो फोटो मीच काढलेला आहे.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी मी सहा महिने बोर्नमथला ऑनसाइट होतो. शनिवार-रविवार करायचं काय हा प्रश्न असायचाच. समुद्र पाहून झाला, लंडन दोनदा करून झालं. मग माझ्या रूमपार्टनरने (नागपूरचा, फोटोंचं भयंकर वेड) नेटवर 'इंग्लंडमधली सर्वात सुंदर खेडी' असं काहीतरी शोधलं आणि एका रविवारी आम्ही गाडी काढून मिल्टन अ‍ॅबसला गेलो. डॉर्सेट परगण्यातलं, ब्लँडफर्ड गावापासून दहा-बारा किलोमीटरवरचं खेडं. पोचलो आणि खरंच तोंड उघडं राहिलं. चिमणी-बिमणीसकट बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र. मी चाळीस-पन्नास फोटो काढले आणि त्यातला एक ग्रुपवर टाकला. तेव्हा मीही लिहिलं होतं, "स्वप्नातलं गाव." तोच फोटो आता दोन वर्षं जगभर फिरून माझ्याकडे परत आलाय, माझं नाव पुसून आणि वर शहाणपण चिकटवून.

म्हणून हा लेख. माझीच चूक आहे, मीच निस्तरतो.

त्या दिवशी फोटो काढून झाल्यावर एक गोष्ट खटकली होती. इंजिनियरचा डोळा म्हणा हवं तर. घरं फारच एकसारखी होती. दोन घरांमधलं अंतरही सारखंच. हजार वर्षं जुनं म्हणवणारं गाव असं वाढतच नाही. गाव म्हणजे कुणाचं घर पुढे आलेलं, कुणाची भिंत वाकडी, भावाभावांत वाटण्या होऊन एकाच वाड्याला तीन दारं. इथे मात्र कुणीतरी वरून पट्टी लावून रेघ मारल्यासारखं. आणि ते मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते आठवायला परतीचा अर्धा रस्ता लागला. ते पुढे सांगतो.

आधी इतिहास. तो फोटोत दिसत नाही, कारण तो फोटोतल्या जागेवर घडलेलाच नाही. घडला तो तिथून जवळच, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. तिथे मिल्टन अ‍ॅबी नावाचं प्रचंड चर्च आहे. दहाव्या शतकात अ‍ॅथलस्टन राजाने तिथे मठ स्थापला. १३०९ साली वीज पडून चर्च जळालं, पुन्हा बांधायला घेतलं ते कधी पुरं झालंच नाही. आजही त्याचा पुढचा लांब भाग गायब आहे. (प्रोजेक्ट स्कोप कमी करून डिलिव्हर केलं असं समजा.) या मठाला लागून शेकडो वर्षांत एक गाव वाढलं, मिडलटन. हे खेडं नव्हतं, बाजाराचं गाव होतं. शंभरावर घरं, दुकानं, खानावळी, दारूची भट्टी, बाजार, आणि मठाच्या महंताने १५२१ साली काढलेली शाळा. पुढे आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडीत काढले, त्यात १५३९ साली हाही गेला. दुसऱ्याच वर्षी हेन्रीने तो जॉन ट्रेगनवेल नावाच्या वकिलाला हजार पौंडांना विकला. राजाच्या पहिल्या लग्नाची काडीमोड करून देण्यात या वकिलाचा हात होता. असो. मालक बदलला, गाव तसंच राहिलं. मठाचं चर्च गावाचं चर्च झालं.

मग १७५२ साली ही इस्टेट विकत घेतली जोसेफ डेमर या गृहस्थाने. घराण्याचा पैसा आयर्लंडमधल्या सावकारीचा, बायको ड्यूकची मुलगी. त्याला आधी लॉर्ड मिल्टन ही पदवी मिळाली आणि म्हातारपणी अर्ल ऑफ डॉर्चेस्टर ही. त्याला मठाच्या जागेवर महाल हवा होता. त्यासाठी त्याने विल्यम चेंबर्सला बोलावलं, म्हणजे त्या काळातला एक नंबरचा आर्किटेक्ट. बागेसाठी लॅन्सलॉट ब्राऊन. हा ब्राऊन 'केपेबिलिटी ब्राऊन' म्हणून प्रसिद्ध, कारण गिऱ्हाइकाची जमीन पाहिली की तो म्हणायचा, इथे फार केपेबिलिटी आहे बरं का! (आमच्या प्री-सेल्सवाल्यांचा मूळपुरुष हाच असावा.) ब्राऊनची स्टाइल म्हणजे खिडकीतून पाहिलं की नजर पोचेल तिथवर हिरवळ, मधूनच तळं, झाडांचे पुंजके. सगळं असं की वाटावं निसर्गानेच केलंय.

आता या 'निसर्गात' एक बग होता. महालाच्या खिडकीसमोर मिडलटन गाव होतं. धूर, गाड्या, भट्टीचा वास, बाजाराचा गलका, पोरं.

लॉर्डसाहेबांनी ठरवलं, गाव काढायचं.

एवढं ऐकल्यावर ग्रुपवरच्या एका मित्राचा प्रतिसाद अपेक्षित होता आणि तो आलाच: "अरे पण जमीन त्याचीच होती ना?" जमीन त्याची होती, कबूल. पण घरं पट्ट्याने दिलेली होती, आणि हा पट्टा म्हणजे आपलं अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स नव्हे. इंग्लंडच्या त्या भागात 'तीन जिवांचा' पट्टा सर्रास असायचा. कागदावर तीन माणसांची नावं, समजा बाप, आई आणि धाकटा मुलगा. या तिघांतलं शेवटचं माणूस मरेपर्यंत घर तुमचं, मालक तुम्हाला हात लावू शकत नाही. म्हणूनच धाकट्या पोराचं नाव घालायचं. साधी माणसं, पण कॉन्ट्रॅक्ट वाचता येत होतं त्यांना.

त्यामुळे लॉर्डला वीस-पंचवीस वर्षं लागली. पट्टा संपला की नवा द्यायचा नाही. संपत नसेल तर विकत घ्यायचा. एकेक घर रिकामं करायचं आणि पाडायचं. या पंचवीस वर्षांचा जरा विचार करा. तुमच्या गल्लीतली माणसं मरायची कुणीतरी वाट पाहतंय आणि ते तुम्हाला माहीत आहे. शेजारचं घर पडलं, पलीकडचं पडलं, खानावळ बंद झाली. बाजाराला माणूस यायचं कमी झालं म्हणून तुमचंही दुकान चालेना. मग तुम्ही स्वतःच जाऊन सही करता. आणि कागदोपत्री नोंद काय होणार, तर 'स्वखुशीने'.

आमच्या धंद्यात याला मायग्रेशन म्हणतात. जुनी सिस्टीम हळूहळू बंद पाडायची, युजरना नव्या सिस्टीमवर ढकलायचं आणि स्टेटस मीटिंगमध्ये सांगायचं की ॲडॉप्शन शंभर टक्के आहे. असणारच की! जुनी बंदच केली ना!

एक माणूस मात्र हलेना. हॅरिसन नावाचा वकील. त्याचा पट्टा बाकी होता आणि पैसे नको होते. सांगतात ते असं की लॉर्डने शेवटी मठाच्या तळ्याची दारं उघडली आणि पाणी हॅरिसनच्या घरात सोडलं. हॅरिसनने खटला भरला. आणि जिंकला! मला हा माणूस फार आवडतो. पण ही गोष्ट सांगून "बघा, इंग्लंडमध्ये कायद्याचं राज्य" असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न: शंभरावर घरांच्या गावातून कोर्टात गेलेला म्हणून आज ज्याचं नाव घेतलं जातं, तो वकीलच कसा काय? लोहार का नाही? भट्टीवाला का नाही? त्यांच्या घरात पाणी सोडावंच लागलं नसणार.

शाळेची गोष्ट तर अजून भारी. पोरं लॉर्डच्या बागेत शिरून फळं चोरतात, उच्छाद मांडतात अशी तक्रार होती. (पोरं आहेत ती. फळं चोरणारच.) यावर उपाय म्हणून १७८५ साली चक्क संसदेत कायदा करून अडीचशेपेक्षा जास्त वर्षांची शाळा तिथून उचलली आणि ब्लँडफर्डला नेली. एका माणसाच्या बागेतल्या फळांसाठी संसदेचा कायदा. आपल्याकडे असं काही झालं असतं तर या ग्रुपवर पन्नास मीम आले असते.

१७८० च्या सुमारास डोंगरापलीकडच्या दरीत नवं गाव उभं राहिलं. ते म्हणजे तुमच्या फोटोतलं मिल्टन अ‍ॅबस. आराखडा चेंबर्स आणि ब्राऊन यांच्याकडचा. माती-पेंढा कालवून उभारलेल्या भिंती, वर गवताचं छप्पर, ३६ जवळजवळ एकसारखी घरं. तेव्हा ती पिवळी रंगवलेली होती आणि दर दोन घरांमध्ये एक चेस्टनटचं झाड. फोटोत प्रत्येक घर एका छोट्या सुखी कुटुंबाचं वाटतं ना? ते दोन कुटुंबांसाठी होतं. दार एक, आत डावीकडे एक बिऱ्हाड, उजवीकडे दुसरं. म्हणजे ७२ बिऱ्हाडं. पाडली किती? शंभराहून जास्त घरं. उरलेल्यांचा हिशेब कॅलेंडरवर छापत नाहीत.

गावाला नवं चर्चही दिलं, १७८६ साली. जुनं, मठाचं भव्य चर्च लॉर्डने खाजगी करून घेतलं. मिडलटनच्या जागी हिरवळ झाली. जुन्या गावातलं एक शाकारलेलं घर आणि बाजारातल्या क्रॉसचा दगडी चौथरा एवढं अजून आहे. मी त्या चौथऱ्याजवळून चालत गेलो होतो. फोटो काढला नाही. काय काढणार, दगडांचा?

आता मुद्द्याचं. हे सगळं लिहून ग्रुपवर टाकलं तर दोन उत्तरं आली.

पहिलं: "पण घरं तर चांगली दिली ना? फुकट बेघर तर केलं नाही?" यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. त्या काळात असंख्य जमीनदारांनी माणसं उठवली आणि एक वीटही दिली नाही. डेमरने घरं दिली आणि ती अडीचशे वर्षं टिकली. गरीब म्हाताऱ्यांसाठीची जुनी धर्मादाय घरंसुद्धा त्याने नव्या गावात हलवून घेतली. आणि त्यालाही त्या महालात काही सुख लाभलं नाही. बायको १७७५ साली गेली, दुसऱ्याच वर्षी थोरल्या मुलाने कर्जापायी लंडनमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. चेंबर्ससारख्या आर्किटेक्टनेही वैतागून पत्रात लिहून ठेवलंय की हा लॉर्ड अत्यंत उद्धट आहे. खलनायक म्हणून सिनेमात शोभेल असा एकसुरी माणूस तो नव्हता.

पण घर चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. हे मला कळलं ते परतीच्या वाटेवर. ती सरळ रांग मी आधी कुठे पाहिली होती ते आठवलं. माझ्या आजीच्या गावात.

आजीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. ती तेरा-चौदा वर्षांची असताना गाव धरणात गेलं. मग सरकारने दिलेल्या नव्या जागेत गाव बसलं, दुसऱ्या जिल्ह्यात, माळावर. तिथली घरंही अशीच: एका रेषेत, सारख्या अंतरावर, सारख्या मापाची. लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा मला ते गाव फार 'नीट' वाटायचं. आजीने कधी त्याला गाव म्हटलं नाही. ती 'वसाहत' म्हणते. अजूनही. गाव म्हणजे पाण्याखालचं.

त्या रविवारी रात्री मी व्हिडिओ कॉलवर तिला फोटो दाखवला. म्हटलं, "आजी, ओळख बघू काय आहे?" तिने चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "कुणाला उठिवलंय रं हितं?"

शप्पथ. मला जे शोधायला नेटवर तीन तास लागले ते तिला दहा सेकंदांत दिसलं. मग म्हणाली, "आणि देऊळ एवढं बाजूला कशापायी ठिवलंय? विहीर कुठाय?" मला विहीर माहीत नव्हती. मी पाहिलीच नव्हती.

दुसरं उत्तर आलं ते आमच्या एका सीनियरचं: "हे एक अपवादात्मक उदाहरण आहे, यावरून सगळ्या इंग्लंडला झोडपू नकोस." सर, अपवाद? ऑक्सफर्डशायरमधलं न्यूनम कोर्टनी पाहा. तिथल्या अर्ल हारकोर्टने १७६० च्या आसपास अख्खं गाव महालासमोरून उचलून हमरस्त्याला नेऊन ठेवलं. तिथेही दोन सरळ रांगा. गोल्डस्मिथची 'द डेझर्टेड व्हिलेज' ही १७७० ची प्रसिद्ध कविता याच गावावरून सुचली असं बरेच अभ्यासक मानतात. (हा अर्ल पुढे १७७७ साली विहिरीत पडून मेला. कुत्र्याला वाचवायला गेला होता. काय बोलणार.) त्याहून मागे जायचं तर यॉर्कशायरचं व्हॅरम पर्सी. तिथली शेवटची कुटुंबं १५०० च्या सुमारास उठवली, मेंढ्यांसाठी. लोकरीला भाव होता. १९५० पासून चाळीस वर्षं तिथे उत्खनन चाललं, इतकं पुरलेलं होतं खाली.

आणि हे सगळं कमी वाटत असेल तर संसदेचे स्वतःचे आकडे: १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून जास्त कायदे करून ६८ लाख एकर जमिनीला कुंपणं घातली. सामायिक चराऊ रानं, सगळ्या गावाने मिळून कसायची मोकळी शेतं, सरपणाचे हक्क, हे सगळं कागदावर एकेकाच्या नावावर गेलं. ज्या हिरव्या चौकोनी शेतांचे आणि झुडपांच्या कुंपणांचे फोटो आपण विमानातून काढतो (मीही काढलेत), त्यातली कित्येक कुंपणं ही त्याची सही आहे.

कुंपण न घातलेलं गाव बघायचं असेल तर नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन आहे. तिथे अजूनही तीन मोठी मोकळी शेतं पट्ट्यापट्ट्यांनी कसतात आणि कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा बांधावर नांगर घातला का हे दर हिवाळ्याच्या तोंडाला गावातलेच पंच फिरून तपासतात. घातला असेल तर दंड. म्हणजे आपल्याकडची बांधावरची भांडणं तिथेही होती आणि ती मिटवायची सोयही त्यांनी स्वतःच केली होती. वरून कुणी लॉर्डने पट्टी लावून नाही. प्लॅनिंग म्हणायचं तर मी याला म्हणेन. पण लॅक्स्टनचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही. साधी विटांची घरं, चिखल, ट्रॅक्टर. आपल्यासारखंच दिसतं.

आणि डॉर्सेटमधल्या त्या 'शिस्तीच्या' खेड्यांत राहणाऱ्यांचं पुढे काय झालं? मिल्टन अ‍ॅबसपासून दहा-बारा किलोमीटरवर टॉलपडल आहे. तिथल्या शेतमजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून घसरत सातवर आली आणि सहा करणार अशी धमकी मिळाली, तेव्हा त्यांनी संघटना काढली. १८३४ साली त्यातल्या सहा जणांना सात वर्षांची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलं. संघटना काढणं गुन्हा नव्हता, म्हणून गुप्त शपथ घेतल्याचा जुना कायदा शोधून काढला. देशभर बोंबाबोंब झाली तेव्हा १८३६ साली माफी मिळाली. ही माणसंही अशाच शाकारलेल्या घरांत राहत होती. फोटोत ती घरंसुद्धा फार गोड दिसली असती.

राहता राहिला तो महाल. १८५२ साली इस्टेट हॅम्ब्रो नावाच्या बँकर घराण्याने घेतली. गावातल्या पबचं नाव आजही 'हॅम्ब्रो आर्म्स' आहे, म्हणजे पबवरसुद्धा मालकाचं नाव. १९३२ साली इस्टेटीचे तुकडे होऊन विकली गेली. आणि १९५४ पासून ज्या महालाच्या शांततेसाठी संसदेत कायदा करून शाळा हाकलली, त्याच महालात काय आहे? शाळा. महागडी, निवासी. पोरं हिरवळीवर खेळतात. फळं चोरतात की नाही माहीत नाही.

फोटोतलं गाव १९८० साली दोनशे वर्षांचं झालं म्हणून लोकांनी अठराव्या शतकातले पोशाख घालून रस्त्यावर जत्रा भरवली. ती मजेची असणार, आणि तिथे आज राहणाऱ्या माणसांशी माझं काही भांडण नाही. त्यांचं घर आहे ते, त्यांनी जपलंय. पण दोनशेवा वाढदिवस! मिडलटन धरलं तर हजार वर्षं होतात.

आमच्या गावांत उकिरडे आहेत, फ्लेक्स आहेत, जातीची वेगवेगळी आळी आहे. त्याबद्दल भांडायला मी तयार आहे, उद्याच या. पण ज्याच्याशी तुलना करताय ते गाव कुणी गुण्यागोविंदाने राहून 'नीट' केलेलं नाही. ते नीट आहे कारण एका खिडकीतून गाव दिसायला नको होतं. ते सौंदर्य शिका म्हणता, तर नक्की काय शिकायचं? तळ्याची दारं कशी उघडायची ते?

काल रात्री जुने फोटो चाळताना एक चुकून काढलेला सापडला. महालासमोरची हिरवळ, अर्ध्या फोटोत माझं बोट आलेलं, बाकी गवत. तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मिडलटन, डॉर्सेट." आत्तापर्यंत दोन अंगठे. आणि एकाने विचारलंय, यात गाव कुठे आहे?